यादीत दारू कोणी लिहिली?

आज आपल्याच भागातली पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा नव्हता, तो झाला १ जुलै १९९८ ला. शहादा, तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते.

शहाद्याची जमीन काळी, कसदार. पण ती कसणाऱ्या भिल्लांच्या हातून सावकारीत, अंगठ्याच्या एकेका ठशावर निघून गेली. आजा ज्या शेताचा मालक, त्याच शेतात नातू सालदार. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. एकाचा जीव गेला. गावागावात भीती बसली.

पुढं काय करायचं, हे ठरवायला वरून कोणी साहेब आला नाही. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातलेच कार्यकर्ते. त्यांच्यासोबत सर्वोदयाची माणसं आणि शहरातून आलेली शिकलेली तरुण पोरं होती. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुणाची जमीन, किती, कशी गेली, हे लोकांनीच सांगायचं. मग जमीन परत, सालदाराची मजुरी, दुष्काळात काम, अशा मागण्या ठरल्या. सरकारनंही पुढं १९७४ चा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यात होती. अंबरसिंग त्याच साली गेले.

पण या मागण्यांत दारू कुठं होती? नव्हती. ती आणली बायांनी.

१९७३ साली बायांचं शिबिर भरलं. बोलता बोलता विषय निघाला तो नवऱ्याच्या पिण्याचा आणि मारझोडीचा. एका गावच्या बाया म्हणाल्या, आमच्या गावात चला. शिबिर तिथंच ठेवून सगळ्या निघाल्या आणि गुत्त्यावरची मडकी फोडून आल्या. मग हे लोण गावोगाव गेलं. मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत बायकोची माफी मागायला लावली. (देवाला मोहाची धार देणं वेगळं आणि गुत्ता वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) पुरुष कार्यकर्ते जमीन आणि मजुरी यांत गुंतलेले. पण वाढलेली मजुरी गुत्त्यात जाते आणि दारूच्या उधारीत जमीन पुन्हा गहाण पडते, हा हिशेब चूल सांभाळणारीलाच आधी कळला होता. मला तर वाटतं, त्या चळवळीचा सगळ्यात पक्का हिशेब तोच.

रोजगार हमीचंही तसंच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बाया मोठ्या संख्येनं होत्या. लहान लेकरू कुठं ठेवायचं, हा प्रश्न तिथं रोजचा होता. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी आणि लेकरांना सांभाळायची सोय असावी, हे पुढं नियमांत आलं. तरी ती सोय मागितल्याशिवाय मिळत नाही, हे कामावर गेलेली कोणीही सांगेल.

आता आपल्या हातात पेसा कायदा आहे, १९९६ चा. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. पाड्याला स्वतःचं गाव म्हणून घोषित करून घेता येतं, म्हणजे त्याची ग्रामसभाही वेगळी. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेत ठरायचं असतं. पाटीलवाडीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, हेही कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरमध्येच भरते, घरी येऊन सही नेतात. म्हणून आराखड्याची ग्रामसभा जवळ आली की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा, महिला सभा कोणत्या दिवशी, कुठं? बसल्यावर आपण सांगितलेली कामं आपल्यासमोर लिहून घ्या. उठायच्या आधी ती मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा.