उलट वाचा, नदी सापडेल

एडिसनहून निघालात, की तासाभरात न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीतलं हे पार्क लागतं. नाव नॅटिरार. त्याची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून वाचा: रॅरिटन! इथून वाहणाऱ्या नदीचंच नाव, फक्त उलटं. आता तुम्हीही उलटे चालू लागा.

पायवाटेवर दोन पावलं टाकता तोच २००३ साल मागे पडतं आणि वाट अडते. ही ४९१ एकर जमीन काउंटीने त्याच वर्षी विकत घेतली. त्याआधी ती मोरोक्कोच्या राजघराण्याची. १९८३ मध्ये राजे हसन दुसरे यांनी घेतलेली. आणखी मागे चला. १९१२. टेकडीवर लाल विटांचा नवाकोरा वाडा उभा आहे. मालक वॉल्टर आणि केट मेसी लॅड. १९०५ पासून त्यांनी इथली शेतं एकेक करून घेतली.

थांबा १९०८ पाशी. आता तुम्ही स्वतःच्या कमाईवर पोट भरणारी एक बाई आहात. मोठ्या दुखण्यातून नुकत्याच उठलाय. जिना चढताना अजून धाप लागते, आणि पगार बुडतोय ही काळजी वेगळीच. समोर मेपल कॉटेज. केटबाईंनी तुमच्यासारख्या बायकांसाठीच उघडलेलं विश्रामघर. तुमचा हात नकळत बटव्याकडे जातो. पैसे नकोत, म्हणतात. तुमचे खांदे सैल पडतात. कितीतरी दिवसांनी.

केटबाईंची स्वतःची तब्येतही नाजूक. अंथरुणाला खिळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. १९४५ मध्ये त्या गेल्या, पण घर चालूच राहिलं. पुढे त्यांच्याच वाड्यात, थेट १९८३ पर्यंत.

खिडकीतून नदीचा आवाज येतो. डोळे मिटा.

उघडता तेव्हा तुम्ही काठावर बसलेले असता, बूट काढून. पाणी घोट्याला गार लागतं. शेजारून कुणी बाबागाडी ढकलत जातं, कुणी कुत्र्याला फिरवतं. आत येताना तुमच्याकडेही कुणी पैसे मागितले नाहीत, हे आत्ता लक्षात येतं. पायांवरून सरकणारं हे पाणी खाली एडिसनच्या कडेने, तुमच्या गावावरून समुद्राकडे जाणार आहे. त्याच्या आधी घरी पोहोचायची घाई नको. बसा थोडं.