मेइजी जपानचे पगारी परदेशी

पैसे मोजून परदेशी माणूस बोलवायचा, त्याच्याकडून काम शिकून घ्यायचे आणि मग त्याला निरोप द्यायचा, ही पद्धत जपानमध्ये मेइजी राजवटीच्या थोडी आधीच सुरू झाली होती. तोकुगावा शोगुनांच्या सरकारने १८५५ मध्ये नागासाकीला डच अधिकाऱ्यांच्या हाताखाली नौदलाची शाळा काढली. दोन वर्षांनी पोंपे फान मेर्डरफोर्ट हे डच लष्करी डॉक्टर तिथेच आधुनिक वैद्यक शिकवू लागले. १८६५ मध्ये लेओन्स व्हेर्नी हे फ्रेंच अभियंते योकोसुकाची गोदी उभारायच्या कामाला लागले. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपून सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले आणि त्याने हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर चालवली. अशा पगारी परदेशी लोकांना जपानीत ‘ओयातोई गाइकोकुजिन’ म्हणत. १८६८ ते १८८९ या काळात सरकारी आणि खासगी नोकऱ्या मिळून सुमारे २,७०० परदेशी माणसांची नोंद सापडते. त्यांत १,१०० हून अधिक ब्रिटिश होते. त्यांच्यामागे अमेरिकन, फ्रेंच, चिनी, जर्मन आणि डच. सरकारी नोकरीतल्या परदेशी लोकांची संख्या १८७४-७५ च्या सुमारास पाचशेच्या वर गेली. तिथून ती उतरत गेली, आणि ती उतरावी हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

खटाटोपामागे भीती होती. १८५८ च्या तहांमुळे जपानला काही बंदरे उघडावी लागली होती. त्या बंदरांत राहणाऱ्या परदेशी माणसाला जपानी कायदा लागू नव्हता. त्याच्यावरचा खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीत चाले. जकात किती घ्यायची हेही जपानच्या हाती नव्हते. हे तह मोडायचे तर आगगाडी, टांकसाळ, दीपगृहे, तोफा, कायद्याची संहिता हे सगळे आपल्याकडे असले पाहिजे, आणि ते लवकर हवे, असा नव्या राज्यकर्त्यांचा हिशेब होता. शेजारच्या चीनचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. कर्ज काढून परदेशी कंपनीकडे देशाची कामे सोपवण्यापेक्षा एकेक माणूस पगारावर ठेवणे त्यांना कमी धोक्याचे वाटले. कंपनी गेली तरी तिचा हक्क मागे राहतो. नोकराची मुदत संपली की तो गलबतावर चढतो.

मात्र पगार डोळे दिपवणारे होते. ओसाकाच्या टांकसाळीचे प्रमुख टॉमस किंडर यांना महिन्याला १,०४५ येन मिळत. त्याच सुमारास सरकारात सर्वोच्च पदावर असलेल्या सान्जो सानेतोमी यांचा पगार ८०० येन होता. सरकारच्या प्रमुखापेक्षा टांकसाळीच्या साहेबाला जास्त पैसे, हे त्या काळच्या जपानी अधिकाऱ्यांना खुपत असणारच. पण त्यांनी ते मुकाट्याने मोजले. सार्वजनिक बांधकाम मंत्रालयावर या पगारांचा बोजा सर्वात जास्त पडे. इतक्या दूर, अनोळखी देशात कसबी माणूस यायला तयार व्हायचा तर एवढी किंमत द्यावी लागणार होती. शिवाय त्या किमतीत आणखी एक गोष्ट विकत घेतलेली होती: त्याचे परत जाणे.

ही गोष्ट करारात लिहिलेली असे. करार बहुधा दोन-तीन वर्षांचा. त्यात पगार, घर, प्रवासखर्च, कामाचे स्वरूप आणि मुदत स्पष्ट असे. नोकरीत असताना व्यापार करायचा नाही, हे कलम नेहमीचे. काही करारांत ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायचा नाही अशीही अट असे, कारण १८७३ पर्यंत जपानमध्ये त्या धर्मावर उघड बंदी होती. शिझुओकाला शिकवायला आलेल्या एडवर्ड वॉरन क्लार्क या अमेरिकन शिक्षकांनी ती अट मान्य करायला साफ नकार दिला, आणि शेवटी अटच मागे घेतली गेली. इतर परदेशी माणसांना बंदरापासून दहा री, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर, एवढ्याच टापूत हिंडता येई. करारावरच्या माणसाला मात्र देशाच्या आतल्या भागात राहता येई, कारण त्याची जबाबदारी त्याच्या मालकाने घेतलेली असे. देशात मोकळेपणाने राहायचे असेल तर नोकरी धरणे हाच मार्ग होता, आणि अनेक मिशनऱ्यांनी तोच धरला.

आत राहण्याचा हा अनुभव कसा होता, याची उत्तम नोंद विल्यम एलियट ग्रिफिस यांनी करून ठेवली आहे. अमेरिकेत रटगर्स महाविद्यालयात त्यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवले होते. १८७१ च्या मार्चमध्ये ते रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवायला फुकुईला पोचले. ते गाव एका सरंजामी घराण्याच्या सत्तेखाली होते. ग्रिफिस यांचा मालक म्हणजे तिथला सरदार. काही महिन्यांतच तोक्योच्या सरकारने एका फर्मानाने सगळी सरंजामी संस्थाने बरखास्त केली. मालक गाव सोडून तोक्योला निघाला तेव्हा त्याच्या दरबारात जमलेल्या सामुराईंमध्ये हा अमेरिकन मास्तरही उभा होता. पुढे तेही तोक्योला गेले. त्यांनी १८७६ मध्ये छापलेले ‘द मिकाडोज एम्पायर’ हे पुस्तक अमेरिकन वाचकांचे जपानविषयीचे मुख्य पुस्तक होऊन बसले. पगारी परदेशी माणसांपैकी पुष्कळांनी देश सोडल्यावर जपानवर लिहिले. काहींनी तर जन्मभर तेच केले.

या पद्धतीची सगळी वळणे रेल्वेत दिसतात. पहिले मुख्य अभियंते एडमंड मोरेल १८७० मध्ये आले. रुळांखालच्या लोखंडी स्लीपरची आयात थांबवून जपानी लाकूड वापरा, बांधकामाचे स्वतंत्र खाते काढा, आणि त्यात आपल्याच तरुणांना अभियंते म्हणून तयार करा, असा सल्ला त्यांनी दिला. स्वतःची गरज संपवणारा सल्ला देणारा नोकर विरळाच. शिम्बाशी ते योकोहामा हा मार्ग १८७२ च्या ऑक्टोबरमध्ये समारंभाने सुरू झाला, पण तो पाहायला मोरेल उरले नव्हते. आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये क्षयाने ते वारले. त्यांच्यामागून आलेले रिचर्ड विकर्स बॉइल भारताच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने आढळतात. १८५७ मध्ये कुंवरसिंहांच्या फौजेने बिहारमधल्या आरा इथे इंग्रजांना वेढा घातला, तेव्हा ज्या छोट्या घरात ते तग धरून राहिले त्याची तटबंदी या रेल्वे अभियंत्याने आधीच करून ठेवली होती. त्याच बॉइल यांनी पुढे तोक्यो आणि क्योतो जोडण्यासाठी नाकासेन्दोच्या डोंगरी वाटेची पाहणी केली.

भारत आणि जपान यांतला फरक इथेच दिसतो. भारतात बॉइल यांच्यासारखा गोरा अभियंता राज्यकर्त्यांपैकी होता. मेल गाड्यांची इंजिनेही पुढे कित्येक दशके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांच्याच हाती राहिली. जपानमध्ये त्याच माणसावर इनोउए मासारू हे जपानी अधिकारी होते. १८६३ मध्ये, परदेशी जाणाऱ्याला देहान्त शिक्षा होती त्या काळात, चोशू प्रांताच्या पाच तरुणांनी चोरून लंडन गाठले होते. इनोउए त्यांतले एक. १८७७ मध्ये त्यांनी ओसाका स्थानकातच रेल्वे अभियंत्यांची शाळा काढली. १८७९ मध्ये पहिले जपानी इंजिन-ड्रायव्हर गाडीवर चढले. १८८० मध्ये क्योतो-ओत्सू मार्गावरचा ओसाकायामा बोगदा पुरा झाला, तो परदेशी अभियंत्याच्या देखरेखीशिवाय.

पाचांतले दुसरे, यामाओ योझो, ग्लासगोच्या जहाज कारखान्यात दिवसा काम करत आणि रात्री वर्गाला जात. परतल्यावर त्यांच्याच पुढाकाराने तोक्योत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि १८७३ मध्ये त्याचे प्राचार्य म्हणून ग्लासगोहूनच हेन्री डायर आले. त्यांनी अजून पंचविशीही ओलांडली नव्हती. पुस्तकी शिक्षण आणि प्रत्यक्ष कारखान्यातले काम आलटून पालटून घेण्याचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी आखला. असे काही त्यांच्या स्वतःच्या देशातही नीट जमलेले नव्हते. भारताच्या तार खात्यात काम केलेले विल्यम एअर्टन तिथे भौतिकशास्त्र आणि तारायंत्र शिकवत. वास्तुशास्त्राला १८७७ मध्ये जोसाया काँडर आले. त्यांच्या पहिल्या तुकडीतल्या तात्सुनो किन्गो यांनी पुढे बँक ऑफ जपान आणि तोक्यो स्थानक बांधले, आणि काँडर यांच्या जागेवर प्राध्यापकही तेच झाले. गुरूची खुर्ची शिष्याने घ्यावी ही व्यवस्था काँडर यांना मानवली असावी. ते तोक्योतच राहिले, कावानाबे क्योसाई यांच्याकडे जपानी चित्रकला शिकले, कुमे या जपानी बाईंशी १८९३ मध्ये लग्न केले आणि १९२० मध्ये तिथेच वारले.

सगळ्यांना असे जमले नाही. टांकसाळीत किंडर यांना पूर्ण सत्ता हवी होती; जपानी अधिकाऱ्यांना त्यांचा हुकूम नको, कसब हवे होते. खटके उडत गेले आणि १८७५ मध्ये किंडर व त्यांच्या बहुतेक परदेशी सहकाऱ्यांना निरोप मिळाला. आता आपली माणसे हे काम चालवू शकतात असे ठासून सांगणारे एन्दो किन्सुके, हेही त्याच पाचांतले. पुढे ते टांकसाळीचे प्रमुख झाले, आणि आवारातल्या चेरीच्या झाडांचा बहर पाहायला लोकांना आत सोडण्याची प्रथा त्यांनी १८८३ मध्ये घातली. ती आजही आहे. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते रिचर्ड ब्रंटन यांचेही जपानी वरिष्ठांशी पटले नाही. १८६८ ते १८७६ या काळात त्यांनी वीसहून अधिक दीपगृहे उभारली, योकोहामाचे रस्ते आखले, पहिल्या लोखंडी पुलांपैकी एक बांधला. तरीही त्यांच्या आठवणींत कामापेक्षा तक्रारीच जास्त. त्यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एकच: आपण सल्लागार आहोत, अधिकारी नाही, हे त्यांना कधी पटले नाही.

कायद्याच्या क्षेत्रात निराळाच प्रकार घडला. गुस्ताव बॉआसोनाद हे फ्रेंच पंडित १८७३ पासून दोन दशकांहून अधिक काळ जपानमध्ये होते. त्यांनी तयार केलेली फौजदारी संहिता १८८२ मध्ये अमलात आली. आरोपीचा छळ करून कबुली घेण्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि त्याचा परिणामही झाला. दिवाणी संहितेवर त्यांनी कितीतरी वर्षे घालवली. ती १८९० मध्ये जाहीर झाली, पण जपानी कुटुंबरीतीला ती मारक आहे अशी ओरड झाली, अंमल लांबणीवर पडला आणि अखेर जर्मन वळणाची दुसरी संहिता आली.

घर मिळे, पगार मिळे, काहींना सम्राटाचे मानचिन्हही मिळे. पण त्या समाजात सामील होण्याची वाट जवळजवळ नव्हती. १८७३ च्या फर्मानाने परदेशी माणसाशी लग्नाला परवानगी दिली, मात्र परदेशी नवऱ्याच्या जपानी बायकोचे जपानी नागरिकत्व जाई. गिदो फेर्बेक यांची गोष्ट याहून विलक्षण. मूळचे डच असलेले हे मिशनरी १८५९ मध्ये नागासाकीला आले, मेइजी नेत्यांचे शिक्षक आणि विश्वासू सल्लागार झाले. इतकी वर्षे देशाबाहेर राहिल्याने डच नागरिकत्व गेले, अमेरिकन मिळाले नाही, आणि जपानी मिळण्याची सोयच नव्हती. शेवटी १८९१ मध्ये जपान सरकारने या देशहीन माणसाला देशात कुठेही राहण्याचा खास परवाना दिला.

लाफकाडिओ हर्न यांनी दुसरी वाट काढली. १८९० मध्ये ते मात्सुए या गावी इंग्रजीचे शिक्षक झाले आणि सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सु यांच्याशी संसार मांडला. आपल्यामागे बायको-मुलांचा हक्क बुडू नये म्हणून १८९६ मध्ये ते सासरच्या घराण्यात दाखल होऊन कोइझुमी याकुमो झाले. जपानी झाल्यावर परदेशी माणसाचा चढा पगार राहील का ही शंका त्यांना होतीच. तोक्योच्या विद्यापीठाने त्यांना महिना ४०० येनांवर घेतले तेव्हा ती तात्पुरती मिटली.

जपानी बाजूने काय घेतले आणि काय सोडले, यावर सर्वात नेमके बोट एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरांनी ठेवले. १८७६ पासून ते तोक्योत वैद्यक शिकवत होते. १९०१ मध्ये त्यांच्या पंचवीस वर्षांच्या सेवेचा सत्कार झाला. तिथे त्यांनी सांगितले की पाश्चात्त्य विज्ञान हे कुठेही नेऊन चालू करता येणारे यंत्र आहे अशी जपानी लोकांची समजूत दिसते; शिक्षकांकडून तयार फळे घेतली जातात, ती ज्या वृत्तीतून येतात ती कोणी मागत नाही. सत्काराच्या व्यासपीठावरून हे बोलायला धाडस लागते. पण मालकाने फळांसाठीच माणूस ठेवला होता, हेही तितकेच खरे.

१८९९ च्या जुलैमध्ये नवे तह अमलात आले. वकिलातींची न्यायालये गेली, बंदरांच्या हद्दी गेल्या, परदेशी माणसाला देशात कुठेही राहण्याची मुभा मिळाली. तोपर्यंत सरकारी नोकरीतले बहुतेक परदेशी गेलेले होते. १९०३ मध्ये विद्यापीठाने हर्न यांनाही पूर्वीच्या अटींवर ठेवायचे नाकारले. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, तो वाया गेला. त्यांच्या जागी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला दोन वर्षे राहून आलेले नात्सुमे सोसेकी आले, वर्षाला ८०० येनांवर. म्हणजे हर्न यांना सुरुवातीला दोन महिन्यांत मिळत तेवढ्यावर. त्यानंतरही विद्यापीठांत परदेशी शिक्षक राहिले, पण मोजकेच, आणि बहुतेक जण आपापली भाषा, साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकवण्यापुरते.