खाऱ्या पाण्याची नवी टाकी: मासे सोडण्याआधी 'सायकलिंग' कसं करायचं?

यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी आज मोबाईलवर क्लाउनफिशचं एक रील पाहिलं की टाकी, समुद्री मीठ, पंप, लाईट सगळं ऑनलाइन मागवता येतं. फक्त एक गोष्ट सेटअपच्या बॉक्समध्ये तयार येत नाही. ती म्हणजे टाकीत वसलेले जिवाणू.

मी यवतमाळच्या घरी पहिली टाकी लावली तेव्हा "२४ तास फिल्टर चालवा आणि मासे सोडा" असा सल्ला मिळाला होता. चौथ्या दिवशी दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकत होते, पाचव्या दिवशी दोन्ही मेले. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ होतं. अमोनियाची टेस्ट मी केलीच नव्हती. तुमच्याकडून ही चूक होऊ नये म्हणून हा लेख.

सायकलिंग म्हणजे नेमकं काय?

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो पसरून जातो, पण १०० लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे?

इथे दोन प्रकारचे जिवाणू कामाला येतात. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. हे जिवाणू पाण्यात कमी, आणि दगड, वाळू, फिल्टर मीडिया यांच्या पृष्ठभागावर जास्त राहतात. त्यांची पुरेशी वस्ती तयार होईपर्यंत वाट पाहणं म्हणजे सायकलिंग. मासा नसताना, बाहेरून अमोनिया घालून ते करायचं.

खाऱ्या पाण्यात घाई जास्त महाग का पडते?

अमोनियाची दोन रूपं असतात. त्यातलं एक फारसं त्रासदायक नाही, दुसरं थेट कल्ले जाळतं. पीएच एक अंकाने वाढला की विषारी रूपाचं प्रमाण साधारण दहापट होतं. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच बऱ्याचदा ७ च्या आसपास असतो, समुद्री टाकीचा ८.१ ते ८.४. म्हणजे टेस्टवर तोच आकडा दिसला तरी इथे धोका कितीतरी जास्त. तापमान वाढलं की त्यात आणखी भर पडते.

काय काय लागेल?

- आरओ पाणी आणि मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. त्यात समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार नसतात.
- खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएचचे टेस्ट किट, खाऱ्या पाण्यासाठी चालणारे
- कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिक मीडिया, वाळू, हीटर, पाणी फिरवणारा पंप
- शुद्ध अमोनियम क्लोराइड. यालाच आपण नवसागर म्हणतो, पण कल्हईसाठी मिळणारा नवसागर वापरू नका, त्यात भेसळ असू शकते. लॅब ग्रेड घ्या.

पायरी-पायरीने

१. वेगळ्या बादलीत किंवा ड्रममध्ये लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळवा. २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आलं पाहिजे.

२. दगड-वाळू मांडा, पाणी भरा, पंप सुरू करा. तापमान २६ ते २८ अंश ठेवा. लाईट बंदच ठेवा, नाहीतर शेवाळ आधी वाढेल.

३. अमोनिया २ पीपीएम करा. १०० लिटरसाठी साधारण ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरतं. "लवकर व्हावं" म्हणून ५ पीपीएमच्या वर नेऊ नका, उलट जिवाणूंचं काम मंदावतं.

४. बाटलीतले जिवाणू मिळत असतील तर याच वेळी घाला. ताजे आणि नीट साठवलेले असतील तर बराच वेळ वाचतो. उन्हात पडून राहिलेल्या पार्सलचा भरवसा धरू नका.

५. दर दोन दिवसांनी टेस्ट करा. अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा घाला. या सगळ्याला बहुतेक वेळा ४ ते ६ आठवडे लागतात.

लक्षात ठेवा, नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची टेस्ट खोटा, फुगलेला आकडा दाखवते. त्यामुळे नायट्राइट उतरल्यावरच नायट्रेटवर विश्वास ठेवा.

पास की नापास?

अमोनिया २ पीपीएम करा आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं तर टाकी पास. दोन्हीपैकी एक जरी दिसलं तरी अजून थांबायचं.

दर २ पीपीएम अमोनियामागे सुमारे ७ पीपीएम नायट्रेट जमतं. म्हणून शेवटी मोठा पाणीबदल करून नायट्रेट १० च्या आसपास आणा. मग एक किंवा दोन छोटे मासे सोडा. बाकीचे काही आठवड्यांनी, कारण जिवाणूंची संख्या खाद्याच्या हिशोबानेच वाढते. मासे लगेच येणार नसतील तर अधूनमधून थोडा अमोनिया देत राहा, नाहीतर वस्ती कमी होते.

यवतमाळमधले तीन अडथळे

पाणी: बोअरचं पाणी थेट वापरू नका. जिल्ह्यातल्या भूजलात बऱ्याच ठिकाणी नायट्रेट जास्त आढळतं, म्हणजे ज्याला बाहेर काढायचं तेच आपण आत ओतणार. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. घरच्या आरओला 'टीडीएस कंट्रोलर' असेल तर तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, तो पूर्ण बंद करून टीडीएस मोजा. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी आणि भांड्यांसाठी साठवा. २०१८ च्या उन्हाळ्यातली टंचाई शहरात अजून कोणी विसरलेलं नाही.

उष्णता: मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतात. टाकीवर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होतं. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा फायदा घटतो. शिवाय पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेली पातळी रोज साध्या आरओ पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नाही.

वीज: या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो. लाईट गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो. इन्व्हर्टरवर हीटर नको, फक्त पाच-दहा वॅटचा पंप ठेवा. फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर आतलं पाणी फेकून मगच सुरू करा.

प्रवाळ घेण्याआधी कायदा वाचा

रीफ टाकीचे व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. भारतात दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मालवणच्या समुद्रातून उचललेला प्रवाळाचा 'लाइव्ह रॉक' कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. कोरड्या कृत्रिम दगडावर जिवाणू तितकेच छान वाढतात. क्लाउनफिश घेतानाही हॅचरीत जन्मलेले मागा. त्यांची पैदास आपल्या देशात होते.

मोबाईलचा खरा उपयोग

एका शीटमध्ये तारीख, तापमान, खारटपणा आणि चारही टेस्टचे आकडे लिहा. ग्राफमध्ये नायट्राइटचा डोंगर चढून उतरलेला दिसला की सायकल पुढे सरकतेय हे कळतं. टेस्ट ट्यूबचा फोटो पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात काढा. कॅमेरा रंग बदलतो, त्यामुळे फोटो फक्त नोंदीसाठी, निर्णय डोळ्यांनी. आणि २४ तासांच्या टेस्टसाठी अलार्म लावा, अंदाजाने मोजू नका.

सहा आठवडे रिकामी टाकी पाहणं कंटाळवाणं आहे, मान्य. घरचेही विचारतील, "अरे, मासे कुठंत?" त्यांना ग्राफ दाखवा. कोड टेस्ट न करता लाइव्ह केला तर परत मागे घेता येतो, मेलेला मासा परत येत नाही.