पुण्याची गादी, काशीचा घाट, कर्वीचं तळघर: अमृतराव पेशव्यांच्या घराण्याची गोष्ट



मणिकर्णिकेपासून नाव उत्तरेला वळवली की दहा-पंधरा मिनिटांत आपण जणू मराठी वस्तीसमोरून जातो. आधी शिंदे घाट, मग नागपूरकरांचा भोसले घाट, त्याला लागून गणेश घाट, पुढे राम घाट, बालाजी घाट, आणि पंचगंगेच्या पलीकडे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. भोसले आणि शिंदे या नावांपाशी नावाडी थांबतो, दोन शब्द सांगतो. गणेश घाटापाशी सहसा थांबत नाही. माझ्या नावाड्याने तर 'गणेशजी का मंदिर है' एवढंच सांगितलं आणि वल्हं मारलं.

ते गणपतीचं देऊळ आहे खरं. त्या गणपतीला अमृतविनायक म्हणतात. हे 'अमृत' म्हणजे देवांचं अमृत नव्हे, ते एका माणसाचं नाव आहे: अमृतराव रघुनाथ पेशवे. आज त्यांच्या घराण्याची गोष्ट सांगायची आहे. पेशवाई म्हटली की आपली गाडी शनिवारवाडा, पानिपत आणि फार तर बिठूर एवढ्यावर थांबते. हा चौथा फाटा कोणी धरत नाही.

सुरुवात थोडी मागून करू. श्रीवर्धनचे भट हे कोकणातले देशमुख. खाडी, भातशेती, वसुलीचा वतनी हक्क आणि डोक्यावर जंजिऱ्याचा सिद्दी, एवढंच त्यांचं जग होतं. त्यांतले बाळाजी विश्वनाथ घाटावर आले आणि १७१३ साली पेशवे झाले. त्यांचे चिरंजीव पहिले बाजीराव, बाजीरावांचे धाकटे चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे आपले राघोबादादा. दादांना बराच काळ मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला, तोच अमृतराव. पुढे १७७५ साली दादांना औरस मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. त्यानंतर, दादांच्या मृत्यूनंतर, चिमाजी आप्पा जन्मले.

म्हणजे थोरला मुलगा दत्तक आणि धाकटे दोघे औरस. घरात काय वातावरण असेल ते तुम्हीच ओळखा. अमृतराव कर्तबगार होते, कारभार जाणणारे होते, पण गादीवर हक्क बाजीरावाचा. कधी त्यांनी भावाचा कारभार पाहिला, कधी भावाच्या संशयाला तोंड दिलं.

मग २५ ऑक्टोबर १८०२ हा दिवस आला. हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि बाजीराव पुणं सोडून पळाले, ते थेट वसईला इंग्रजांच्या आश्रयाला. तिथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी जो तह केला तो आपल्या शाळेच्या पुस्तकात होताच. इकडे पुण्यात गादी रिकामी. होळकरांनी अमृतरावांना हाताशी धरलं आणि त्यांचे चिरंजीव विनायकराव यांना गादीवर बसवलं. मुलाच्या नावाने गादी आणि बापाच्या हाती कारभार.

हा कारभार काही महिनेच टिकला. १८०३ च्या मार्चमध्ये आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूमुळे जगाला ठाऊक झाला, दक्षिणेतून पुण्याकडे निघाला. अमृतराव शहर जाळून जाणार, अशी बातमी त्याला लागली. तेव्हा घोडदळ घेऊन त्याने साठ मैलांची मजल बत्तीस तासांत मारली आणि २० एप्रिलला पुण्यात शिरला. एप्रिलचा उन्हाळा आणि मध्ये घाट. लष्करात मी लांबच्या मजला मारल्या आहेत, तेव्हा ही काय चीज आहे ते मी सांगू शकतो. अमृतराव आधीच निघून गेले होते आणि पुणं शाबूत होतं. शहर जाळण्याचा त्यांचा खरंच बेत होता की इंग्रजांना घाईने आणण्यासाठी कोणी ही हूल उठवली, यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर दुसरंच खरं वाटतं. पुढे या माणसाने जे केलं त्यात आगलाव्याचा स्वभाव दिसत नाही.

पुढे त्यांनी एक व्यवहार केला, आणि घराण्याची पुढची पन्नास वर्षं त्या कागदावर चालली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीशी त्यांचा करार झाला. अमृतरावांनी होळकर-शिंदे यांच्या गटातून बाहेर पडायचं, इंग्रजांच्या बाजूला यायचं, आणि त्याबदल्यात कंपनीने त्यांच्या निर्वाहाची सोय करायची. ती सोय वर्षाला सात लाख रुपयांची होती. बुंदेलखंडात कर्वीजवळ थोडी जहागीरही होती, पण घर चालायचं ते या नेमणुकीवर.

यावर आपल्याकडे लगेच 'फितुरी' हा शब्द येतो. येऊ द्या. पण त्या वेळी भावाने वसईला काय केलं होतं तेही शेजारी ठेवा. बाजीरावांनी राज्य गहाण ठेवून गादी घेतली, अमृतरावांनी गादी सोडून पैसा घेतला. माझं म्हणणं इतकंच, की अमृतरावांनी कंपनीची ताकद भावाच्या आधी ओळखली. त्यांची चूक दुसरीकडे होती. जमीन आणि वतन पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तनखा माणसाच्या श्वासावर चालतो.

मग हे कुटुंब काशीला आलं. १८१८ नंतर चिमाजी आप्पाही काशीलाच आले आणि बाजीराव बिठूरला गेले. राघोबादादांचे तिन्ही मुलगे शेवटी गंगेच्या काठी, आणि तिघेही कंपनीच्या तनख्यावर. (चिमाजी आप्पांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. त्यांची मनू, म्हणजे झाशीची राणी, काशीतच जन्मली. तो वेगळा भाग होईल.)

काशीतले अमृतराव कसे होते, याचं चांगलं वर्णन एका इंग्रजाने करून ठेवलं आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर १८२४ साली गंगेवरून प्रवास करत बनारसला आले. त्यांनी ऐकलेली हकीकत अशी. वर्षातून एका ठरलेल्या दिवशी अमृतराव येईल त्या ब्राह्मणाला आणि येईल त्या आंधळ्या-पांगळ्याला तांदूळ आणि एक रुपया देत. शहराजवळ त्यांची मोठी बाग होती, तिला चार दरवाजे. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांना आणि चौथा स्वतःला व नोकरांना. दान घेतलं की माणसाने बागेत जायचं आणि संध्याकाळपर्यंत आतच थांबायचं. कारण उघड आहे: सोडलं तर तोच माणस पुन्हा रांगेत! आत सावली होती, पाणी होतं, देव होते, गप्पा होत्या. एका दिवसाचा खर्च कधी कधी पन्नास हजार रुपयांच्या वर जाई.

मला यात दानापेक्षा बंदोबस्त जास्त आवडतो. हजारोंची गर्दी, तीन रांगा, एकाला एकदाच, आणि कोणाचा अपमान नाही. पुण्याचा श्रावणमासातला दक्षिणेचा रमणा ज्यांनी वाचला असेल त्यांना ओळख पटेल. रमण्यावरही दक्षिणा एकाला दोनदा जाऊ नये म्हणून असाच बंदोबस्त असे. फरक एवढाच, की तिथली दक्षिणा ब्राह्मणांसाठी होती आणि इथे आंधळ्या-पांगळ्यांनाही दरवाजा उघडा होता. राज्य गेलं, पण राज्य चालवायची सवय गेली नव्हती.

हेबर आणि अमृतराव यांची भेट ठरली होती. ती झाली नाही. सप्टेंबर १८२४ मध्ये सिक्रोल इथे अमृतराव वारले. सिक्रोल म्हणजे आजच्या वाराणसी छावणीचा भाग. काही काळ मी तिथे राहिलो आहे, रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरलो आहे, आणि तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आमच्या मेसमध्ये वॉटर्लूचा इतिहास पाठ असणारे होते. पण वेलस्लीला घाट ओलांडायला लावणारा माणूस आपल्या कुंपणापाशी वारला, हे कोणाच्या गावी नव्हतं.

आता दुसरी पिढी. जे विनायकराव लहानपणी काही महिने पुण्याच्या गादीवर बसले होते, तेच आता घराण्याचे कर्ते झाले. तनखा त्यांना चालू राहिला. १८२९ पासून त्यांनी मुख्य बिऱ्हाड कर्वीला केलं. कर्वी म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्याचं ठाणं, प्रयागराजच्या पश्चिमेला. तिथे ते राजासारखेच राहिले. देवळं बांधली, मोठ्या विहिरी बांधल्या, दक्षिणेतले व्यापारी येऊन वसले. त्यांचा गणेशबाग आजही पाहायला मिळतो. देवळावर कोरीव शिल्पं इतकी, की स्थानिक लोक त्याला छोटं खजुराहो म्हणतात. शेजारी मजल्यामजल्यांची खोल बावडी आहे.

पण एक फरक पाहा. बापाच्या हातून पैसा वाहत होता, मुलाच्या काळात तो साठू लागला. बांधकाम करूनही भरपूर उरत होतं. जमिनीत घालायला जमीन नाही, फौज ठेवायला परवानगी नाही, मग पैसा जाणार कुठे? कर्वीच्या वाड्याच्या तळघरात. सोनं, नाणं, जडजवाहीर.

१८५३ साली विनायकराव वारले आणि तनखा बंद झाला. दोनच वर्षं आधी बिठूरला हेच झालं होतं. बाजीरावांचे आठ लाख त्यांच्याबरोबर संपले आणि नानासाहेबांचे अर्ज फेटाळले गेले. कर्वीला आता नारायणराव आणि लहानगे माधवराव उरले. उत्पन्न बंद, तळघर भरलेलं.

१८५७ च्या जूनमध्ये बांद्याला बंड झालं. कर्वीचा जॉइंट मॅजिस्ट्रेट कॉकरेल बांद्यात मारला गेला. इंग्रजी अंमल उठला आणि नारायणरावांनी कर्वीचा कारभार हाती घेतला. तो काही महिने चालला. वाड्यात तोफा, दारूगोळा जमला होता. पुढच्या एप्रिलमध्ये मद्रास फौजेच्या जनरल व्हिटलॉकने बांद्याच्या नबाबाचा पराभव केला आणि जूनमध्ये तो कर्वीवर आला. कर्वीत लढाई झालीच नाही. दोघे राव शरण आले, फौज आत शिरली आणि तळघर उघडलं.

यापुढची कथा लष्करी माणसाला लाजेची आणि गमतीची दोन्ही वाटते. त्या काळी लढाईत हाती आलेली लूट कायद्याने राणीची, आणि राणीच्या मेहेरबानीने ती सैन्यात हुद्द्याप्रमाणे वाटली जाई. आता एक गोळी न झाडता हाती आलेला हा खजिना कोणाचा? व्हिटलॉकचे लोक म्हणाले आमचा. सर ह्यू रोज याचे लोक म्हणाले, झाशी आणि काल्पी आम्ही घेतली, सगळा मध्य हिंदुस्थान आम्ही मोकळा केला, म्हणून तुम्ही कर्वीत आयते शिरलात, तेव्हा वाटा आम्हालाही. आणखी काही तुकड्याही दावेदार निघाल्या.

हा 'बांदा आणि कर्वी लूट' खटला लंडनला गेला, आणि तोही आरमारी न्यायालयात! समुद्रावर पकडलेल्या जहाजांचे वाटे ठरवायचं ते कोर्ट, तिथे बुंदेलखंडातल्या तळघराचा हिशोब. १८६६ साली डॉक्टर लशिंग्टन यांनी निकाल दिला. लूट व्हिटलॉकच्या फौजेची, आणि सरसेनापती म्हणून लॉर्ड क्लाइड व त्याचा स्टाफ यांचा वाटा. लांबून झालेली मदत ही मदत धरली जाणार नाही. रोजच्या लोकांना काही नाही. लष्करी लुटीच्या कायद्यात हा निकाल पुढे दाखला म्हणून वापरला गेला. निकालपत्रात कोणती तुकडी कोणत्या दिवशी कुठे होती याचा कीस काढला आहे. मुळात ज्याने लढाई दिली नाही त्याची घरगुती शिल्लक ही लढाईतली लूट कशी, हा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच, कारण तो विचारणारा पक्षकारच तिथे नव्हता.

कारण तोवर नारायणराव कैदेत, हजारीबागेत, १८६० साली वारले होते. माधवरावांना वय लहान म्हणून माफी मिळाली. सरकारने त्यांना पाल्य म्हणून बरेलीला शिकायला ठेवलं आणि वर्षाला तीस हजार रुपये नेमून दिले. सात लाखांवरून तीस हजार, साडेपाच दशकांत.

या खजिन्याचा एक धागा फार लांब गेला आहे. मद्रास फौजेतले कर्नल डी रेन्झी ब्रेट पुढे न्यूझीलंडला जाऊन स्थायिक झाले. क्राइस्टचर्चच्या पश्चिमेला, कँटरबरीच्या कोरड्या माळावर त्यांनी शेती धरली आणि तिथे पाटाचं पाणी यावं म्हणून खटपट केली. त्यांनी त्या जागेला नाव दिलं 'किरवी', म्हणजे आपलं कर्वी. ते शेतकऱ्यांचं गाव आज नांदतं आहे आणि ब्रेटसाहेबांच्या पाण्याच्या पाटांचं स्मारकही तिथे आहे.

आणि बनारसमध्ये? गणेश घाटाखेरीज दक्षिणेकडे, केदार घाटाच्या अलीकडे, राजा घाट आहे. तो दगडी घाटही अमृतरावांचाच. पूर्वी त्याला अमृतराव घाट म्हणत. तिथे ब्राह्मणभोजनाची सोय त्यांनी केली होती. तिकडे गेलात तर नाव पायऱ्यांपाशी लावायला सांगा आणि वर चढून जा. पावसाळ्यात जाऊ नका, पायऱ्या पाण्याखाली असतात.