तंजावरची वाट : निःशस्त्र प्रतिकाराचे बळ आणि त्याच्या मर्यादा

मिठाच्या सत्याग्रहाचा इतिहास महाराष्ट्रातील विद्यार्थी दांडी, वडाळा आणि शिरोडा या नावांनी शिकतात. तंजावर हे नाव त्यांच्या कानावर पडते ते निराळ्या प्रसंगी: व्यंकोजीराजांचे राज्य, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख. याच तंजावरच्या मातीत १९३० साली मिठाची दुसरी एक यात्रा निघाली होती, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. वस्तुतः इतिहासाच्या वर्गात हमखास विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यास तंजावरइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. तो प्रश्न असा: ज्या सत्तेला प्रजेने निवडलेले नाही आणि जी प्रजेला उत्तरदायी नाही, तिच्यापुढे शांततामय प्रतिकाराचा काही उपयोग होतो काय?

या प्रश्नाचे एक उत्तर तंजावरच्या राजवाड्यातच मिळते. १७९९च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. राजेपद, किल्ला आणि तनखा एवढेच त्यांच्याकडे उरले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रसंततीविना निवर्तले आणि कंपनीने तंजावरचे राजपद संपुष्टात आणले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचे कमिशनर फोर्ब्स सैन्यासह राजवाड्यात आले. राज्याबरोबर राजघराण्याच्या खाजगी मालमत्तेवरही मोहोर लावण्यात आली.

राजाच्या ज्येष्ठ विधवा कामाक्षीबाईसाहेब यांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी कायद्याचा मार्ग धरला. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला आणि तेथे त्यांना यशही मिळाले. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. सार्वभौम सत्तेने राज्यकर्ती या नात्याने केलेले हे कृत्य असून ते न्याय्य होते की अन्याय्य, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता परत मिळाली खरी. पण ती सरकारची कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे. राज्य तर गेले ते गेलेच.

कामाक्षीबाईसाहेबांचा मार्ग पूर्णतः शांततेचा होता आणि त्यांची बाजूही न्यायाची होती. तरीही पदरी पडले ते एवढेच. याचे कारण उघड आहे. राजवाड्याच्या भिंतींबाहेर कंपनीचा एकही व्यवहार त्या दाव्यामुळे अडला नव्हता. शेतसारा वसूल होत होता, शिपाई पहारा देत होते, कारकून कचेरीत येत होते. ज्या सत्तेकडे न्याय मागावयाचा, तीच सत्ता आपल्या कृत्यावर न्याय चालणार नाही असे म्हणू लागली, तर केवळ अर्ज-विनंती करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

पाऊणशे वर्षांनी त्याच जिल्ह्यात जे घडले, ते याहून वेगळे होते. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. त्यानंतर आठवड्याच्या आत, १३ एप्रिल रोजी, तमिळ नववर्षाच्या सुमुहूर्तावर चक्रवर्ती राजगोपालाचारी सुमारे शंभर स्वयंसेवकांसह तिरुचिरापल्ली येथील डॉ. टी. एस. एस. राजन यांच्या घरून निघाले. त्यांना जावयाचे होते समुद्रकाठच्या वेदारण्यमला. अंतर सुमारे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर होते. वाट कावेरीच्या सुपीक खोऱ्यातून, तंजावर, कुंभकोणम्, मन्नारगुडी, तिरुत्तुरैप्पूंडी अशा गावांतून जाणारी होती. नामक्कलचे कवी रामलिंगम पिळ्ळै यांनी या यात्रेसाठी रचलेले गीत गात स्वयंसेवक चालत होते.

तंजावर जिल्ह्याचे कलेक्टर जे. ए. थॉर्न हे कर्तव्यकठोर अधिकारी होते. यात्रा बळाने अडविली तर गवगवा होईल, हे सरकार जाणून होते. थॉर्न यांनी दुसरी युक्ती योजिली. या स्वयंसेवकांना जो कोणी अन्न अथवा आसरा देईल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल, अशी ताकीद त्यांनी जिल्हाभर दिली. वर्तमानपत्रे, पत्रके आणि गावोगावची दवंडी अशा सर्व मार्गांनी ही ताकीद लोकांपर्यंत पोहोचविण्यात आली. हिशेब साधा होता. शंभर माणसे एप्रिलच्या उन्हात पंधरा दिवस उपाशीपोटी चालू शकत नाहीत. यात्रा आपोआप विरून जाईल आणि सरकारला लाठीही उगारावी लागणार नाही.

कागदावर हा हिशेब चोख होता. पण ज्या जिल्ह्यात तो मांडला, त्या जिल्ह्याची रीत त्यात धरलेली नव्हती. तंजावर ही छत्रांची भूमी. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी या भागात वाटेवर छत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांनी १८०२ मध्ये उभारलेले. वाटसरूला जेवू घालणे हे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुण्यकर्म होते. मराठी राजे गेले, छत्रांचा कारभार सरकारकडे गेला, परंतु दारी आलेल्याला उपाशी पाठवू नये ही शिकवण घराघरांत उरली होती. कलेक्टरसाहेबांचा हुकूम लोकांना राजद्रोह करू नका एवढेच सांगत नव्हता, तर आपला धर्म सोडा असे सांगत होता.

लोकांनी हुकुमाला उत्तर दिले ते आरडाओरडा न करता. स्वयंसेवक ज्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या फांद्यांना भाताची पुडकी बांधलेली आढळू लागली. मुक्कामाच्या जागी जवळपास अन्न लपविलेले असे आणि ते कोठे आहे याची खूण हलकेच पोहोचविली जाई. कोणी दिले, याचा पुरावा नाही. कोणावर खटला भरावयाचा, हा पोलिसांपुढे प्रश्न! काहींनी मात्र लपविण्याचीही तमा बाळगली नाही. कुंभकोणम् येथे कायदेमंडळाचे माजी सभासद पंतुलु अय्यर यांनी यात्रेकरूंना उघडपणे आपल्या घरी उतरवून घेतले, जेवू घातले आणि त्याबद्दल सहा महिन्यांची कैद भोगली. एका प्रतिष्ठित गृहस्थाला पाहुणचाराच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात टाकलेले पाहून भीती पसरावयाची, तेथे उलट हुकुमाचाच धाक कमी झाला.

२८ एप्रिल रोजी यात्रा वेदारण्यमला पोहोचली. तेथील वेदरत्नम् पिळ्ळै यांनी छावणीची व्यवस्था केली होती. ३० एप्रिलच्या पहाटे राजगोपालाचारी निवडक स्वयंसेवकांसह जवळच्या अगस्त्यमपल्ली येथील मिठागराकडे गेले आणि त्यांनी मीठ गोळा केले. त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. परंतु एक तुकडी पकडली की दुसरी मिठागराकडे जाई. पोलिसांच्या लाठ्या खाऊनही सत्याग्रह चालू राहिला. रुक्मिणी लक्ष्मीपती यांना वर्षभराची शिक्षा झाली. मिठाच्या सत्याग्रहात कारावास पत्करणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. तरुण कामराज यांनाही तुरुंगात जावे लागले. वेदरत्नम् पिळ्ळै यांची मालमत्ता जप्त झाली. लोकांनी त्यांना ‘सरदार’ ही पदवी दिली, ती याच काळातली.

या सर्व थोरांच्या जोडीने वेदारण्यम आणखी एका माणसाचे नाव आदराने घेते. वैरप्पन हा गावातला न्हावी. पोलिसांची दाढी करणार नाही, असे त्याने ठरविले होते. साध्या वेशात आलेल्या एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाल्यावर तो पोलीस असल्याचे कळले आणि वैरप्पनने वस्तरा खाली ठेवला, अशी आठवण तेथे सांगितली जाते. त्याला शिक्षा झाली. त्याचे स्मारक आज वेदारण्यममध्ये उभे आहे. ही कथा ऐकताना हसू येते, पण तिचा अर्थ मोठा आहे. परक्या सत्तेचे पोलीस, शिपाई, कारकून सारे याच गावांत राहतात. त्यांना न्हावी लागतो, परीट लागतो, दूधवाला लागतो, शेजार लागतो. राज्य कलेक्टरच्या सहीने चालते असे दिसते. प्रत्यक्षात ते अशा शेकडो हातांनी चालते. हे हात थांबले की सहीला अर्थ उरत नाही. खुद्द थॉर्न यांनीच सरकारला कळविले की, लोकांच्या मनात सरकारविषयी भक्तिभाव कधी असलाच, तर तो आता संपला आहे. अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरलेली ही कबुली कोणत्याही विजयपत्रापेक्षा मोलाची आहे.

तरीही विद्यार्थ्यांना अर्धे सत्य सांगणे योग्य नव्हे. वेदारण्यमच्या यात्रेने मिठाचा कर रद्द झाला नाही. ५ मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली आणि सत्याग्रही सुटले. कर मात्र १९४७ पर्यंत राहिला. परंतु १९३७ मध्ये निवडणुका होऊन मद्रास इलाख्याचे मंत्रिमंडळ बनले, तेव्हा त्याचे प्रमुख झाले ते सात वर्षांपूर्वीचे कैदी राजगोपालाचारीच. निःशस्त्र लढ्याचे फळ असे सावकाश पिकते आणि पुष्कळदा मागितले त्याहून वेगळ्या रूपात मिळते.

त्याच वर्षी सोलापुरात निराळे घडले. मे १९३० मध्ये गोळीबारानंतर जमाव खवळला, पोलीस चौक्या जळाल्या, पोलीसही मारले गेले. सरकारला लष्करी कायदा पुकारण्यास निमित्त मिळाले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. त्यांच्या हौतात्म्याला उणेपणा नाही. परंतु शासनाला जे शस्त्र चालविणे सर्वांत सोपे जाते, ते चालविण्याची संधी तंजावरने दिली नाही, हा फरक नजरेआड करता येत नाही.

मग निःशस्त्र प्रतिकार सर्वत्र यशस्वी होतो काय? मराठी माणसाला याचे उत्तर गोव्याने दिले आहे. १९५५च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांना मारहाण झाली; गोरे यांना प्रदीर्घ कारावासाची शिक्षा ठोठावली गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. धैर्यात हे सत्याग्रही वेदारण्यमच्या स्वयंसेवकांहून तसूभरही उणे नव्हते. परंतु सालाझारच्या पोर्तुगालमध्ये वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या होत्या. तेथे या गोळीबाराचा जाब विचारणारी संसद नव्हती. शिवाय सत्याग्रहींची मोठी संख्या सीमेपलीकडून आलेली होती. त्यांच्या नकाराने पणजीची कचेरी बंद पडणार नव्हती. आतील गोमंतकीय देशभक्त तुरुंगांत डांबलेले होते. अखेरीस १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याच्या कारवाईने गोवा मुक्त झाला. सत्याग्रह वाया गेला असे मात्र म्हणता येणार नाही. त्याने गोव्याचा प्रश्न विझू दिला नाही. पण तो एकटा पुरा पडला नाही, हे मान्य केले पाहिजे.

तंजावरचा दावा, वेदारण्यमची यात्रा आणि गोव्याची सीमा अशी तीन उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट होते. शांततामय प्रतिकार जुलमी सत्तेचे हृदय वितळवितो म्हणून परिणामकारक ठरतो, ही समजूत अपुरी आहे. कामाक्षीबाईसाहेबांसाठी कोणाचे हृदय वितळले नाही, तसे थॉर्न यांचेही वितळले नाही. ज्यांच्या रोजच्या सहकार्यावर सत्ता उभी असते, ती सामान्य माणसे ते सहकार्य काढून घेतात, तेव्हा हा प्रतिकार सत्तेला जाणवतो. जेथे सत्तेला त्या माणसांची गरजच नसते आणि तिला जाब विचारणारेही कोणी नसते, तेथे त्याची शक्ती मर्यादित होते. हे सहकार्य काढून घेण्याचे धैर्य भाषणांनी एका दिवसात येत नाही. ते लोकांच्या जुन्या सवयींत, अतिथीला घास देण्यासारख्या साध्या संस्कारांत मुरलेले असावे लागते.

वेदारण्यम आज नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. अगस्त्यमपल्लीला दरवर्षी एप्रिलअखेर मीठ उचलून त्या दिवसाचे स्मरण केले जाते. राजगोपालाचारींचे नाव पाठ्यपुस्तकात आहे, पंतुलु अय्यर आणि वैरप्पन यांची नावे तेथील लोकांच्या स्मरणात आहेत. परंतु ज्यांनी पहाटे उठून भात शिजविला, केळीच्या पानांत बांधला आणि फांदीला टांगला, त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. ती नोंदली जाऊ नयेत, याची काळजी त्यांनीच घेतली होती. त्यांत घरोघरच्या स्त्रियाच अधिक असणार. दांडीचा धडा शिकताना विद्यार्थ्यांनी त्या अनामिकांनाही आठवावे. कलेक्टरचा हुकूम मोडला तो त्यांच्या चुलीवर.