श्रावक, श्रवण आणि कानांची परीक्षा

जो ऐकतो तो श्रावक, अशी या शब्दाची फोड आपण शास्त्रसभेत अनेकदा ऐकली आहे. आपल्या आगमालाही श्रुत म्हणतात, कारण धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना जे ज्ञान दिले ते मुखाने दिले व त्यांनी कानांनी घेतले. ग्रंथ मागाहून झाला. इंद्रियांच्या क्रमात स्पर्श, रस, घ्राण, चक्षू यांच्यानंतर श्रोत्र येते व ते लाभले म्हणजे जीव पंचेंद्रिय होतो. श्रवणाला एवढे स्थान देणाऱ्या समाजाने आपल्याच घरातील ऐकू न येणाऱ्या लेकराकडे मात्र फार उशिरा पाहिले, असे मला खेदाने म्हणावे लागते. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा मंदिराविषयी लिहिणारे अधिकारी पुष्कळ आहेत असे जाणून मी हा विषय घेतला. मी कापडाचा व्यापारी, वैद्य नव्हे. पण या विषयाने आमच्या घरात साठ वर्षे मुक्काम केला आहे.

माझी धाकटी बहीण १९६४ सालची. दोन वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून आजीने तिच्या पाठीमागे फरशीवर पितळी ताट आपटून पाहिले. ती चटकन वळली आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला. ताटाचा हादरा तिला तळपायांतून कळला होता, हे आम्हाला चार वर्षांनी समजले. गावातील एका डॉक्टरांनीही ‘उशिरा बोलणारी मुलगी आहे’ असा निर्वाळा दिला होता. १९५५ साली आपल्या जिल्ह्यातील कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनाकाळात मराठीतून दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला आहे. तो घरी लागला की ती एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत बसे. आम्ही त्याला भक्तिभाव समजलो.

१९७० मध्ये वडिलांनी तिला येडशीहून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीस व तेथून मुंबईस नेले. रुग्णालयातील बंद खोलीत तिच्या कानांना यंत्र लावून, आवाज जाणवला की डब्यात मणी टाकायचा, असा खेळ तिला शिकविला गेला. डब्यात मणी फारच थोडे पडले. तपासणाऱ्या बाईंनी वडिलांना आलेख दाखवून सांगितले की मुलीचा कंठ अगदी निकोप आहे. जे कधी कानावर पडले नाही ते ती बोलणार कसे? ‘मूकबधिर’ या शब्दातील पहिला अर्धा भाग बहुधा चुकीचा असतो, हे वडिलांना त्या दिवशी कळले.

त्या बाईंच्या यंत्रामागे मोठा इतिहास होता. लंडनचा वादक जॉन शोर याने १७११ मध्ये वाद्ये जुळविण्यासाठी नादकाटा बनविला. पुढे त्याच काट्याने जर्मन वैद्य रिने यांनी १८५५ मध्ये दोष कानाच्या पडद्याकडील भागात आहे की आतील नसेत, हे ओळखण्याची रीत सांगितली. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत विजेवर चालणारा श्रवणमापक विक्रीस आला. आवाजाचे माप डेसिबल, ते टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या नावावरून. बेल यांच्या मातोश्री आणि पत्नी दोघीही बहिऱ्या, तरी खुणांच्या भाषेला त्यांचा विरोध! १८८० च्या मिलान परिषदेनेही शाळांतून खुणा हद्दपार केल्या. त्याची झळ आमच्यापर्यंत पोहोचली. बहिणीला ज्या निवासी शाळेत घातले तेथे खुणा केल्या की हातावर पट्टी बसत असे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतंत्र केंद्र निघाले, तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेली होती.

दुसऱ्या महायुद्धात तोफांनी कान गमावलेल्या सैनिकांसाठी रेमंड कारहार्ट यांनी अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात कानयंत्राची निवड, ओष्ठवाचन आणि उरलेल्या श्रवणशक्तीचा सराव यांची सांगड घातली. श्रवण पुनर्वसनाला शास्त्राचे रूप आले ते असे. आपल्या देशात कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५ मध्ये निघाली, परंतु श्रवणतज्ज्ञ घडविणारे शिक्षण म्हैसूरची संस्था आणि मुंबईचे नायर रुग्णालय येथे १९६५-६६ च्या सुमारास सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्रे येथे राष्ट्रीय संस्था झाली, तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. आपला जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील उस्मानिया विद्यापीठाचे ते कुलगुरू आणि पुढे १९७१ ते १९७६ आपल्या राज्याचे राज्यपाल.

खरी क्रांती तान्ह्या बाळाच्या तपासणीने झाली. मणी टाकण्याचे वय येईपर्यंत थांबण्याचे कारणच उरले नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखविले की निरोगी कान आवाज केवळ घेत नाही, त्याला उत्तर म्हणून स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून तो काही मिनिटांत टिपता येतो. त्यात शंका आली तर डोक्याला तारा लावून ‘बेरा’ ही तपासणी करतात. एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचारास आरंभ, हे जगन्मान्य वेळापत्रक आहे. आमचे सहा महिने नव्हे, सहा वर्षे गेली होती.

२००७ मध्ये केंद्राचा बधिरत्व प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत येतात आणि जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. २०१४ पासून कॉक्लियर इम्प्लांटसाठीही केंद्राच्या योजनेतून साहाय्य मिळू लागले. तेव्हा मर्यादा सहा लाखांची होती. मात्र शस्त्रक्रिया म्हणजे केवळ दुकानाचे उद्घाटन. धंदा पुढे असतो. बाळाला आवाजाचा अर्थ शिकविण्यास काही वर्षे लागतात आणि त्यातील मोठा भाग आईच स्वयंपाकघरात, भांड्यांची नावे घेत पार पाडते.

वयस्करांविषयी थोडे लिहितो, कारण शास्त्रसभेत मागच्या ओळीत बसून मान डोलविणाऱ्यांत मीही होतो. वाढत्या वयात आधी उंच स्वर जातात, आणि ‘स’, ‘श’ ही व्यंजने तेथेच राहतात. गिऱ्हाइकाने साठ मीटर कापड मागितले, मी आठ फाडले. मुलाने तपासणीस नेले तेव्हा आलेखावरील उतरती रेघ पाहून मला वडिलांच्या हातातील तो जुना कागद आठवला. यंत्र घेतले, तरी आठ महिने ते कपाटातच होते. लाज वाटत होती. बहिणीने ते एक दिवस बाहेर काढले, आरशासमोर बसवून माझ्या कानात घातले. त्याचा सेल कसा बदलायचा हे तिनेच मला हातांनी शिकविले.