धामतीरावरील पवनार : हिवाळी यात्रेचा इतिहास

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यात हिवाळ्यातील पाण्याकाठच्या सहलीचे स्थान प्रामुख्याने धाम नदीवरील पवनारला लाभले. तथापि येथील वर्दळीचा पाया विरंगुळ्यात नसून इतिहासात आहे. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाने पाचव्या शतकात वसविलेली राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही अभ्यासक मात्र हा मान रामटेकजवळील मनसरला देतात. वाकाटककालीन वास्तूचे अवशेष मानली जाणारी, रामकथेतील प्रसंग कोरलेली शिल्पे पवनार येथे सापडली असून, तेथे पुढे उभ्या राहिलेल्या आश्रमाच्या जमिनीत मिळालेले भरत-राम भेटीचे शिल्प त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

आधुनिक काळात 1938 मध्ये विनोबा भावे प्रकृतिस्वास्थ्यासाठी जमनालाल बजाज यांच्या येथील बंगल्यात राहावयास आले आणि नदीकाठाला आश्रमाचे रूप आले. 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थींचा अंश धामच्या प्रवाहात विसर्जित झाल्यानंतर त्या तिथीस सर्वोदय मेळा भरू लागला. त्यात सूतांजली, म्हणजे स्वतः कातलेल्या सुताची 640 तारांची गुंडी, अर्पण करण्याची प्रथा रुजली. 1959 मध्ये विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर, अर्थात स्त्रियांनी सामूहिक साधनेसाठी चालविलेला आश्रम, स्थापन केला. 15 नोव्हेंबर 1982 रोजी त्यांचे येथेच निधन झाले. राजधानी, आश्रम आणि मेळा या तिन्ही अंगांनी पाहिल्याशिवाय पवनारची यात्रा पूर्ण होत नाही.